ह्याला चुना कुठं लावायचा?

दसऱ्याला पुण्याहून आलेल्या भाच्याने ओसरीवर बसल्या बसल्या खिशातून पेनड्राइव्हएवढी एक वस्तू काढून ओढली आणि ऐन आश्विनात पिकल्या आंब्याचा वास सुटला. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवसांत वास असतो तो सोयाबीनच्या भुसाचा. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती वस्तू हातात घेतली, उलटीपालटी केली, दोन्ही टोके हुंगली. त्यांच्या मांडीवर चंची उघडीच होती.

"ह्याला चुना कुठं लावायचा?"

सगळे हसले. भाचा म्हणाला, "तात्या, ह्यात चुना नसतो."

"मग लागते कशानं?"

ह्या प्रश्नावर मात्र भाचा गप्प झाला. हे यंत्र त्याने मित्राच्या सांगण्यावरून घेतले होते आणि आता दुसऱ्या एका मित्राला घ्यायचे होते. पहिली ई-सिगारेट कोणती घ्यावी, बॅटरी कोणती चांगली, असे तो मलाच विचारत होता, कारण मी घरातला विजेच्या वस्तू उघडून बघणारा माणूस. मी चार-सहा महिने ह्या विषयात डोके घातले. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मिळाले. तात्यांच्या प्रश्नाला बराच वेळ लागला.

एका ओळीचे उत्तर असे : भारतात ई-सिगारेट विकत घेण्याचा कायदेशीर रस्ताच नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात हे सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास तीन वर्षे व पाच लाखांपर्यंत. साठा करून ठेवला तर सहा महिने किंवा पन्नास हजार. नुसत्या ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, आणि पोरे नेमके एवढेच पाठ करून ठेवतात. पण ओढणाऱ्याच्या हातात ती कुणीतरी विकूनच आलेली असते. लंडनहून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकाने बॅगेत टाकून आणली तरी ती आयातच. म्हणजे दुकानाची पावती नाही, वॉरंटी नाही, आतल्या द्रवात काय आहे ते सांगायला बांधील असलेला कुणी नाही. अशा बाजारात 'चांगली कोणती' ह्या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

तरी वस्तू काय आहे ते कळायला हवे.

अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसाने १९६३ मध्ये बिनधुराच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये ते मिळाले, पण ती वस्तू बाजारात चालली नाही. आजची ई-सिगारेट चीनच्या होन लिक ह्यांची. हे औषधतज्ज्ञ स्वतः भरपूर सिगारेटी ओढणारे, आणि वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले. २००३ च्या सुमारास त्यांनी हे यंत्र बनवले. नंतरच्या वीस वर्षांत त्याची रूपे बदलत गेली. आधी हुबेहूब सिगारेटसारखी दिसणारी कांडी आली, मग पेन, मग मुठीएवढी डबी जिच्यात सुटे सेल बसतात. त्यानंतर छोटा 'पॉड', आणि शेवटी संपली की फेकून द्यायची रंगीत कांडी.

आतली करामत आपल्या समईचीच आहे. तेलाच्या जागी एक गोडसर, घट्टसर द्रव असतो : प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटीन. त्यात भिजलेली वात असते आणि बहुतेक यंत्रांत ही वात कापसाचीच असते. कपाशी पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे सांगताना मला गंमत वाटते. वातीभोवती तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल. फरक इतकाच की समईत वात पेटते आणि इथे तार नुसती तापते, द्रवाची वाफ होते. द्रव संपला आणि ओढणे चालूच राहिले तर कापूस करपतो आणि घशाला जो चटका बसतो तो ओढणारा विसरत नाही.

आता तात्यांचा प्रश्न.

तंबाखूच्या पानातले निकोटीन बरेचसे आम्लांशी बांधलेले असते. तसे ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून सहज आत शिरत नाही. तळहातावर चुना घेऊन अंगठ्याने मळले की चुन्याचा अल्कधर्म हे बंधन तोडतो, निकोटीन मोकळे होते आणि गालातून झपाट्याने रक्तात जाते. 'लागते' ते ह्यामुळे. चुना कमी पडला तर तंबाखू 'लागत नाही' आणि जास्त झाला तर तोंड भाजते, हे प्रमाण तात्यांच्या अंगठ्याला पाठ आहे. रसायनशास्त्राचे पुस्तक त्यांनी कधी उघडलेले नाही.

पॉडवाल्यांनी ह्याच्या अगदी उलटे केले. मोकळे निकोटीन वाफेतून ओढले की घसा ओरखडतो, त्यामुळे जुन्या यंत्रांत निकोटीन बेताचेच ठेवावे लागे. मग २०१५ मध्ये अमेरिकेत जूल आली. तिने निकोटीनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार केला. घशाला टोचेना, म्हणून कितीही घालता येऊ लागले. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कायद्याची कमाल मर्यादा आहे आणि जूलच्या अमेरिकी पॉडमध्ये त्याच्या अडीचपटीहून जास्त. गालाचा तुकडा लहान, म्हणून तिथे चुन्याची गरज लागते. फुप्फुसाचा आतला पसारा इतका मोठा की चुन्याशिवायही निकोटीन भराभर शोषले जाते. म्हणजे तात्यांना उत्तर असे द्यायला हवे होते : चुना नाही, ह्यात लिंबू पिळलंय. आणि लिंबू पिळल्यामुळेच सोळा वर्षांच्या पोराला पहिल्या झुरक्याला ठसका लागत नाही. विडी निदान पहिल्या दिवशी खोकायला लावून इशारा तरी देते.

धोक्याचे काय? इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये म्हटले की ई-सिगारेट साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. हा आकडा जगभर फिरला. मुळात तो काही तज्ज्ञांनी एकत्र बसून बांधलेला अंदाज होता, प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हते. तरी दिशा चूक नाही. जाळच नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ टळतात. २०१९ मध्ये तिथेच ८८६ सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट वर्षभर सुटलेली राहिली, तर निकोटीनचे च्युइंगगम, पट्ट्या वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्क्यांची. ह्याच चाचणीतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते : ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. सिगारेट गेली, निकोटीन राहिले. २०२३ मध्ये तर तिथल्या सरकारने दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना पहिली ई-सिगारेट स्वतःच देण्याची योजना जाहीर केली. आणि त्याच देशात १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या कांड्यांवर बंदी आली, कारण आठवड्याला सुमारे पन्नास लाख कांड्या कचऱ्यात जात होत्या आणि शाळकरी पोरे त्यांच्या नादी लागली होती.

अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यापासून फुप्फुसे निकामी होऊन पोरे इस्पितळात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण, ६८ मृत्यू. दोष मुख्यतः चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या द्रवात घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा निघाला. ह्यावरून 'म्हणजे नेहमीची ई-सिगारेट ठीक' असे बोलणारे भेटतात. मला त्यातून दुसरेच दिसते. माणसे मेली ती द्रव कुणी कालवला ह्याचा पत्ता नसलेल्या बाजारात, आणि आपल्याकडे सगळाच बाजार तसा आहे.

आता बॅटरी. ह्या भागावर मी रेंगाळणार आहे. ई-सिगारेट आमच्या जिल्ह्यात तुरळक असेल, पण तिच्या पोटातला सेल प्रत्येक घरात येऊन बसला आहे.

आधी शब्दांचा घोळ. आमच्याकडे बॅटरी म्हणजे हातात धरून उजेड पाडायची ती, आणि तिच्या आत घालतात तो सेल. रात्रपाळीची लाईट असली की हळदीला पाणी द्यायला जाणारा माणूस आता डोक्याला बॅटरी बांधून जातो. पाय सापावर पडू नये आणि रानडुकरांचा कळप दुरून दिसावा म्हणून. त्या डोक्याच्या बॅटरीत, पॉवर बँकेत आणि ई-सिगारेटच्या मोठ्या डबीत बहुधा एकच सेल असतो : १८६५०. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, शेवटचे शून्य म्हणजे गोल. सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरला की ४.२.

ई-सिगारेटवाल्याला ह्या सेलकडून हवे असते ते बॅटरीवाल्याला नको असते. तारेचे वेटोळे ०.२ ओहमचे असेल आणि सेल ४.२ व्होल्टचा, तर भागाकार करा : २१ अँपिअर. पावणेदोन सेंटिमीटर जाडीच्या नळकांडीतून एवढा प्रवाह. म्हणून जाणकार आधी सेल किती प्रवाह सहन करतो ते बघतो आणि किती साठवतो ते नंतर. सॅमसंगचा २५आर हा सेल २,५०० मिलिअँपिअर-तास साठवतो आणि २० अँपिअर देतो. त्याच कंपनीचा ३५ई साठवतो ३,५००, पण देतो ८ अँपिअर. हा म्हणजे गाडीबैल आणि शर्यतीचा बैल ह्यांच्यातला फरक. रात्रभर उजेड हवा असेल तर ३५ई उत्तम. तोच सेल डबीत घालून २१ अँपिअर ओढले तर तो तापतो, आतला पातळ पडदा वितळतो, दोन ध्रुव एकमेकांना भिडतात, आणि मग त्याचे तापणे थांबवता येत नाही. ज्या डबीत रक्षण करणारे सर्किटच नसते ती सगळ्यात वाईट. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात ई-सिगारेट तोंडाशी फुटून माणसे गेली आहेत.

आकड्यांच्या बाबतीत चुना लावण्याचा धंदा जोरात आहे. मी स्वतः डोक्याच्या बॅटरीसाठी मोबाइलवरून दोन सेल मागवले होते. अंगावर झोकात छापलेले : ९९०० एमएएच. ह्या मापाचा नावाजलेल्या कंपनीचा भारी सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पहिल्याच रात्री तिसऱ्या सरीला उजेड पिवळा झाला आणि चौथ्या सरीला अंधार. मोटार बंद करून मोबाइलच्या उजेडात बांधावरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी वसमतला ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ते सेल ठेवले. चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. माझा भरला एकतीस. सोनार म्हणाला, "पोकळ दागिना आहे." तेव्हापासून मी हीच परीक्षा सांगतो. औंढ्याजवळ दुधाळ्याला विश्वाच्या टोकाकडून येणारी गुरुत्वीय लहर मोजणारी २,६०० कोटींची लायगो वेधशाळा मंजूर झाली आहे. आपल्याला तूर्त सोनाराचा काटा पुरतो.

सेल हाताळण्यात जी चूक सर्रास होते ती प्लॅस्टिकच्या वेष्टनाची. ह्या सेलचे वरचे लहानसे टोपण तेवढे धन असते. बाकी बाजू, बूड, अगदी टोपणाच्या भोवतालचा काठसुद्धा ऋण. दोघांमध्ये कागदाएवढे आवरण. काठाशी ते फाटले की वरून गेलेला कुठलाही धातू दोन्ही ध्रुव जोडतो. आणि आमच्या सदऱ्याच्या खिशात धातू काय काय असते? गाडीची किल्ली, चुन्याची डबी, अडकित्ता, सुटे पैसे. सुटा सेल अशा खिशात टाकणे म्हणजे पेटती विडी गंजीत खोचणे. दहा-वीस रुपयांची प्लॅस्टिकची डबी मिळते, तीत ठेवावा.

दुसरी चूक फवारणीच्या पंपाची. पाठीवरच्या बॅटरी पंपात आधी शिशाची १२ व्होल्टची बॅटरी असायची. आता वजनाला हलकी म्हणून लिथियमची बसवून देतात. तीन सेल एकापुढे एक जोडलेले, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. जुना चार्जर घरात पडलेलाच असतो आणि त्याची पिनही तीच बसते. पण शिशाच्या बॅटरीचा चार्जर चौदा व्होल्टपर्यंत चढतो. आतले सर्किट चांगले असेल तर ते वेळीच तोडते. स्वस्तातल्या पॅकमध्ये ते असेलच ह्याची खात्री कुणी देत नाही. पॅक गोठ्यात, कडब्याशेजारी, रात्रभर चार्जिंगला. ह्यापेक्षा भाच्याची आंब्याच्या वासाची कांडी परवडली, असे मी वहिनींना एकदा म्हणालो आणि बोलणी खाल्ली. पॅक फुगला, गोड उग्र वास आला किंवा हात लावता येईना इतका तापला, तर प्लग काढायचा, उघड्यावर न्यायचा. पेटलाच तर भरपूर पाणी ओतत राहायचे. माती टाकून भागत नाही, त्याला थंड करावे लागते.

हे झाले यंत्राचे. माणसांचे गणित वेगळेच निघते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे, लावणारे, दाढेखाली धरणारे २४.४ टक्के. आमच्या भागात डोळ्यांनीही हेच दिसते. पारावर दहा माणसे बसली तर विडीवाला एखादा म्हातारा, बाकीच्यांचा बार भरलेला. बायकांची मशेरी. यवतमाळच्या बाजूला सरकले की खर्रा. ई-सिगारेटच्या बाजूने जो काही भरभक्कम पुरावा आहे तो सगळा सिगारेट सोडणाऱ्यांचा आहे. धूर सोडून वाफेवर या, असे सांगायला आधी धूर असावा लागतो. तात्यांच्या तोंडात धूर नाही. त्यांना पॉड दिला तर तंबाखू सुटणार नाही, वर फुप्फुसाचे नवे खाते उघडेल. आणि ज्याच्या हातात तो पॉड खरोखर येतो तो भाचा तर आयुष्यात विडी ओढलेला नाही. म्हणजे ज्याच्यासाठी औषध म्हणून वस्तू निघाली तो माणूस इथे विरळा, आणि ज्याला मिळते त्याला रोगच नव्हता.

म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे, पण तिचे कौतुक करणाऱ्यांच्या बाजूने नाही. विडी, सिगारेट, तंबाखूची पुडी उघड विकायची आणि त्यातल्या त्यात कमी जाळणारी वस्तू तेवढी गुन्हा ठरवायची, ह्यात न्याय दिसत नाही. दिवसाला दोन पाकिटे ओढणारा मुंबईचा एखादा गृहस्थ हे बोलून दाखवतो तेव्हा माझ्याकडे उत्तर नसते. शिवाय बंदी म्हणजे काय ते आम्हाला गुटख्याने शिकवले आहे. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखा बंद, दरवर्षी आदेश नवा, आणि टपरीवर ओळखीच्या गिऱ्हाइकाला पुडी गल्ल्याखालून. सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायलाही मनाई आहे. बाजाराच्या दिवशी कुठल्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहून बघावे.

मग तात्यांनी करायचे काय? त्यांच्या कामाची वस्तू औषधाच्या दुकानात मिळते : निकोटीनचे च्युइंगगम. दोन मिलिग्रॅमचे चिठ्ठीशिवाय देतात, चारचे डॉक्टरच्या चिठ्ठीवर. ते साध्या च्युइंगगमसारखे चघळत बसायचे नसते. दोन-चारदा चावायचे, जिभेला तिखट लागले की गालात दाबून थांबायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. शहरातल्या सिगारेटवाल्याला हे शिकवावे लागते. तात्यांना नाही, चाळीस वर्षांचा सराव आहे. आधी पंधरा मिनिटे कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक घ्यायचे नसते, कारण तोंडात आंबटपणा आला की निकोटीन बांधले जाते आणि गालातून शिरत नाही. हे मी त्यांना समजावले तेव्हा त्यांनी हात उडवला. "म्हंजी त्यातबी चुनाच पाहिजे."

हो, एका अर्थी. च्युइंगगममध्ये चुन्याच्या जागी सोड्याच्या जातीचे क्षार घातलेले असतात, काम तेच.

केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट हेल्पलाइन २०१६ पासून चालू आहे. मी तात्यांना तो नंबर लावून दिला. पलीकडच्या माणसाने दिवसाला किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळाने, असे विचारले. तात्या म्हणाले, "उठल्यावर नाही, उठायच्या आधी." तरी बोलणे वीस मिनिटे चालले. फोन ठेवल्यावर त्यांनी तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत घालून बघितली. ती परीक्षा त्यांना पलीकडून सांगितली होती. तीन बोटे मावली तर ठीक, नाहीतर लवकर दाखवायचे. अडीच मावली. पुढच्या सोमवारी हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात गेलो.

भाच्याची कांडी दिवाळीपर्यंत संपली. ती भरता येत नव्हती, चार्जही होत नव्हती. मी बाहेर ओट्यावर बसून जपून उघडली. आत करंगळीएवढा लिथियमचा सेल होता, दोन तारा, करपलेला कापूस. सेल मोजला तर ३.४ व्होल्ट, म्हणजे पुन्हा शेकडो वेळा भरण्याच्या लायकीचा, आणि एकदाच वापरून फेकायला बनवलेला. तारांची टोके एकेक करून चिकटपट्टीने गुंडाळली आणि माझे ते दोन पोकळ सेल, पंपाचा फुगलेला पॅक ह्यांच्याबरोबर वाळू भरलेल्या जुन्या डब्यात ठेवला. २०२२ च्या नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या विकणाऱ्या कंपन्यांची आहे. आमच्या गल्लीत दर गुरुवारी भंगारवाला येतो. शिशाची बॅटरी तो किलोवर घेतो, भाव करून घेतो. लिथियमचा डबा त्याच्यापुढे ठेवला तर त्याने झाकण उघडून बघितले आणि म्हणाला, "ह्याचं काही येत नाही, शेट," आणि डबा परत माझ्याकडे सरकवला.